अकरा सर्व्ह

(शाळेतली खेळाच्या सामानाची खोली. खेळाच्या बाई चेंडूंत हवा भरताहेत. बीच व्हॉलीबॉलमधली त्यांची जुनी जोडीदार, खांद्यावर चार महिन्यांची लेक घेऊन, दारात.)

शिडी : ...म्हणून सांगायला आले, ताई. उद्या तू येऊ नकोस.

ताई : खेळातून निवृत्तीचा समारंभ तुझा, माझं भाषण पाठ झालेलं, आणि आता येऊ नकोस? आत ये आधी. मान वाकव, चौकट लागेल.

शिडी : काय बोलणार आहेस?

ताई : हेच, की सहा वर्षं आपण जोडीनं खेळलो. नेटजवळ ही शिडी, मागे मी. मग माझं बाळंतपण आलं, तू दुसरी जोडीदार धरलीस, आणि माझ्याच विरुद्ध फायनल जिंकून पहिल्यांदा विजेती झालीस. तिथून पुढे आणखी तीनदा.

शिडी : त्या फायनलचं बोलू नकोस.

ताई : का गं?

शिडी : आदल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तू मला सिझेरियनचे टाके दाखवलेस. म्हणालीस, डावीकडे पुढे झेपावलं की आतून कुणीतरी चिमटा काढतं. मी तुझ्या केसांतली वाळू झाडत होते तेव्हा.

ताई : हं.

शिडी : दुसऱ्या दिवशी आम्ही मागे पडलो. आणि मी सर्व्ह तिथेच टाकली. आखूड, तुझ्या डाव्या हाताला. एकदा नाही...

ताई : अकरा वेळा.

शिडी : तू मोजल्यास?

ताई : पोटानं मोजल्या.

शिडी : नंतर पत्रकारांनी विचारलं, सामना कसा फिरवलात? मी म्हणाले, सराव. वर हसले. सात वर्षं स्वतःला समजावते आहे, खेळच आहे तो, दुबळ्या बाजूलाच टाकतात. पण ती बाजू मी हेरलेली नव्हती गं. तू विश्वासानं सांगितली होतीस. आणि मागच्या महिन्यात हिला टबातून उचलायला वाकले... माझेही टाके. तिथेच ओल्या फरशीवर बसले हिला घेऊन. तेव्हा तुझं तोंड दिसलं. वाळूनं माखलेलं.

ताई : आण तिला इकडे. अवघडलीयस.

शिडी : उद्या मी माइकवर सांगणार आहे सगळं. तू समोर असलीस तर जीभ उचलायची नाही.

ताई : सांगू नकोस.

शिडी : दया नको करूस माझ्यावर.

ताई : दया कोण करतंय? पाच महिन्यांची पोर आईकडे ठेवून उतरले होते मी. धड पळता येत नव्हतं. म्हटलं, शिडीला टाके दाखवावेत. शिडीचं काळीज मऊ आहे, ती तिकडे टाकायची नाही.

शिडी : म्हणजे...

ताई : दुखत होतं, ते खोटं नव्हतं. पण मैत्रिणीला नाही दाखवलं मी. समोरच्या संघाला दाखवलं. पहिली सर्व्ह तिथे पडली ना, तेव्हा राग नाही आला मला. चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं. उरलेल्या दहा वेळा वाळूत तोंड लपवायलाच जात होते म्हण.

शिडी : पण मला कुठे माहीत होतं ते? मी तर खऱ्या दुखण्यावरच टाकली ना.

ताई : हो. तुझं आहे ते तुझंच. ते काही मी पुसत नाही.

शिडी : म्हणून खेळ सोडलास?

ताई : तुझ्याशी मनातलं बोलणं सोडलं. खेळ मग आपोआप सुटला.

शिडी : मग उद्या?

ताई : माझी लेक असेल पहिल्या रांगेत. तिला वाटतं, आई चांगलं खेळून हरली.

शिडी : मग राहू दे. नाही सांगत मी.

ताई : सांग. पण आधी माइक मला दे. लेकीला ते माझ्या तोंडून कळू दे.

शिडी : ताई...

ताई : रडू नकोस, ही बघतेय. बघ, खुळखुळा टाकलान.

शिडी : मी उचलते.

ताई : थांब. तू वाकू नकोस.