शेवटच्या झेंड्याचं दुपटं

"'कुलचा गोल शिवायचा, टाका दिसू द्यायचा नाय,' असं अम्मी म्हणायची बघ, भागू."

पैठणच्या एसटीसाठी रांगेत जप करत उभ्या असलेल्या आशाबाईंच्या पुढं दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"निजामाचे झेंडे शिवायची ना ती, मुनिरा? पिवळ्यावर पांढरी भाकरी!"

"भाकरी नाय, कुलचा! इथल्याच अवलियानं पिवळ्या कापडात बांधून पहिल्या निजामाला दिले. त्यानं सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य."

"आठवा खायला काय झालं होतं?"

"तौबा! गप गं."

"पोलीस ॲक्शननंतर तुम्ही घाबरलात, तवा तो शेवटचा झेंडा माझ्या आईनंच नेला. त्याचं दुपटं केलं. माझी सगळी पोरं त्या कुलच्यावर मुतली."

"अम्मीला नको सांगू! तिच्यासाठीच तुला शोधत आले. आता दिसत नाय तिला. म्हणती, जायच्या आधी एकदा माझ्या टाक्यांवरून हात फिरवू दे. हाय का गं ते अजून?"

"हाय की, हर्सूलला घरी, पेटीत. आणते."

"आजच आण, भागू. उद्याचा भरवसा नाय."

"आजच म्हणते मी."

"अन् तुझं एकादशीचं नाथांचं दर्शन?"

"नाथ कुठं पळून चाललेत?"

एसटी फलाटाला लागली. रांग पुढं सरकली. भागूबाईंनी पदर खोचला, फुलांची पुडी आशाबाईंच्या हाती दिली, "माझ्या नावानं वाहा, बाई," म्हणाल्या आणि हर्सूलच्या वाटेला लागल्या.