अर्धं डोकं माझं, अर्धं चेबेटचं

...आणि मुकुट म्हणे, मुकुट! तुम्हाला सांगते, मोबाइलमध्ये माझ्या नावापुढे टिचभर पिवळा मुकुट उगवला तरच खिडकीजवळची जागा माझी, नाहीतर जा मागच्या कोंदट कोपऱ्यात! अहो, नैरोबीच्या या बाजारात बायकांच्या वेण्या घालता घालता माझेच केस पिकले, डोळे अधू झाले, खिडकीतल्या उजेडाशिवाय मला भांग दिसत नाही... आणि जागा कोण ठरवणार? तर मालकिणीचा लेक मुरिगी! दुपारी उठणार, उठला की मोबाइलवर बंदुका चालवणार! तो आईला म्हणाला, "आई, प्रत्येक डोक्याला पॉइंट द्यायचे, पॉइंटवर लेव्हल, मग मुकुट! गिऱ्हाइकांचा ग्रुप काढू, तिथे बायका मतं देतील!" मी म्हटलं, "बाळा, चढाओढ लागली की हात बिघडतो." तर म्हणतो कसा, "टेन्शन कशाला घेता, मावशी? खेळ आहे, खेळ!"

खेळ! अहो, आमच्याकडे एका डोक्याला दोघीजणी लागतात. एक डावीकडून, एक उजवीकडून, गप्पा मारत मारत मध्ये भेटायचं, कुठली वेणी कुणाची ते देवालाही कळायचं नाही! मग पॉइंट कुणाला? मुरिगीने काय करावं? डोकंच वाटून टाकलं! भांगाच्या इकडचं केमुंतोचं, म्हणजे माझं, आणि तिकडचं चेबेटचं. ही चेबेट परवापर्यंत माझ्या डब्यातली चपाती खायची हो! आता कंगवा मागितला तर म्हणते, "तुमचा वापरा ना, मावशी, मी दुसऱ्या टीममध्ये आहे!"

अशात नफुला आली. दुसऱ्या दिवशी तिच्या होणाऱ्या सासरचे गावी येणार होते, सुनेसाठी माहेरच्यांना किती गाई द्यायच्या ते ठरवायला, म्हणून नटायला आलेली पोर. मुरिगीने मोबाइल तिच्या डोक्यावर रोखला. "बोला, डावी की उजवी?" झालं! ज्यांचं तोंड आम्ही कधी पाहिलं नाही त्या बायका ग्रुपवरून लिहितायत, "चेबेट, पळव!" "म्हातारीला डुलकी लागली काय?" मी आपली बारीक, एकसारख्या वेण्या घालतेय, आणि ही चेबेट लवकर संपवायला दोरखंडं वळतेय! ग्रुपवर कुणीतरी "लाल! लाल!" म्हणालं, तर हिने लाल केस जोडायला घेतले! आणि नफुला? समोर एवढा मोठा आरसा... पण बाई मान खाली घालून मोबाइलवर स्वतःच्याच डोक्याला मत देत होती!

मान वर केली तेव्हा जी किंचाळली! "अहो मावशी, सासरचे विचारतील ना, सून एक आहे की दोन? गाई कितीजणींच्या मोजायच्या?" गावची बस सुटायची वेळ झालेली, उसवायला सवड कुठली? डोक्याला फडकं बांधून रडत गेली बिचारी. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आणि मुरिगी? "मावशी, खेळात असं व्हायचंच!"

पुढे ऐका! सोमवारी दुकानाबाहेर ही रांग! ग्रुपवर फोटो फिरला ना! सगळ्यांना तसंच अर्धं-अर्धं हवं! आणि रांगेत पहिली कोण? नफुलाची होणारी सासू! "आमच्या सुनेसारखं करा," म्हणाली, "पण माझ्या लाल वेण्या जास्त जाड हव्यात हं!" मुकुट अर्थातच चेबेटला, खिडकी चेबेटला, आणि मी कोपऱ्यात, चाचपडत! बायका आधी माझ्याकडे भांग पाडून अर्ध्या वेण्या घालून घेणार, मग उरलेलं अर्धं डोकं खिडकीशी चेबेटकडे नेणार!

त्या अंधारात भांग सरळ कसा निघणार, सांगा? गेला वेडावाकडा, पार कानापर्यंत! मी म्हटलं, संपलं, आता मालकीण घरी पाठवणार... तर ग्रुपवर टाळ्याच टाळ्या! "वाकडा भांग! काय कल्पना आहे! ही म्हातारी कोण?" एकाच दुपारी लेव्हल चढली, मुकुट उगवला, खिडकी परत मिळाली! मुरिगी म्हणतो, "बघा मावशी, जमला ना खेळ?"

जमला, बाबा. आता रोज खिडकीजवळ असते मी, छान उजेड येतो, केसन् केस दिसतो... आणि भांग वाकडा निघावा म्हणून मी डोळे मिटून घेते!