एकदा तरी आऊट

धाकटी : सोड! खुर्ची सोड म्हणते ना, दादा!

दादा : अगं, पुढे उतार आहे.

धाकटी : उतार आहे म्हणूनच सोड. लहानपणी याच बागेच्या फाटकाबाहेर तुम्हा सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायचे मी. आज पहिल्यांदा आत आलेय, आणि तू मला दवाखान्यात नेल्यासारखा ढकलतोयस!

दादा : चपला तू आपणहून सांभाळायचीस.

धाकटी : मग काय करणार? ते गोल फिरणारं लोखंडी फाटक. तुम्ही एकेक जण सटासट आत, आणि माझी खुर्ची आडवी. ते पार केलं तरी पुढे पायऱ्या होत्याच.

दादा : आता काढलं की ते फाटक. पायऱ्यांवरही उतार केलाय.

धाकटी : आणि ही वाट बघ! एक खडा नाही, एक खाच नाही. अरे, चाकं आपली आपण पळतायत! बघ, बघ, दोन्ही हात वर!

दादा : हात खाली घे! ब्रेक लाव! अगं, कारंजं आहे पुढे!

धाकटी : वळले! दिसलं का कशी वळले?

दादा : दिसलं. पोटात गोळा आला माझ्या.

धाकटी : आहे त्या पोटात गोळ्याला जागा कुठे उरलीय? चल, पकडापकडी खेळू.

दादा : काय?

धाकटी : पकडापकडी. राज्य तुझ्यावर. मी पळते, तू पकड.

दादा : वेड लागलंय का? चोपन्न वर्षांचा झालो मी. लोक बघतायत.

धाकटी : मला लोक जन्मभर बघतायत. आज बघण्यासारखं काहीतरी देऊ त्यांना.

दादा : दिवसभर मशीनवर शर्ट शिवून कंबरेचा काटा ढिला झालाय माझ्या.

धाकटी : मीही दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासून आलेय. आज तर एका आजोबांची कवळी तीनदा परत आली. हसायला लागले की दात आधी हसतात, म्हणे. दमलेयच मी पण. म्हणून काय खेळायचं नाही? पळाले बघ!

दादा : अगं थांब! अगं... हळू! समोरून बाळ येतंय, गाडीतलं!

धाकटी : त्याला ओलांडलं पण मी! ये ना! शर्टाची बटणं लावत बसलास की काय?

दादा : आलो... आलो गं... थांब... हुश्श! छे, नाही जमत बुवा. फारच जोरात पळतेस तू. जिंकलीस, जा.

धाकटी : थांब. इथे ये. समोर ये माझ्या.

दादा : काय झालं?

धाकटी : तुझा हात माझ्या खांद्यापर्यंत आला होता.

दादा : कुठे? छे!

धाकटी : सावली दिसली मला वाटेवर. हात पुढे आला, आणि मागे गेला.

दादा : दम लागला मला म्हणून...

धाकटी : दादा, मी अजून कच्चं लिंबूच आहे का रे?

दादा : काहीतरीच काय?

धाकटी : अंगणात सगळे आऊट व्हायचे. बंटी व्हायचा, शेजारची जाडी व्हायची, तू व्हायचास. मी नाही. मला हात लागला तरी कुणी मोजायचं नाही. एकदाही राज्य आलं नाही माझ्यावर.

दादा : त्यात वाईट काय होतं? बाकीच्यांना हेवा वाटायचा तुझा.

धाकटी : मला मेलीला रडणाऱ्या जाडीचा वाटायचा. आऊट झाली की भोकाड पसरायची, आणि सगळे तिच्याभोवती जमून भांडायचे. माझ्यासाठी कुणी भांडलंच नाही. भांडण्यासारखं कारणच नव्हतं.

दादा : हे बघ, रागावू नकोस. मी आईला शब्द दिला होता.

धाकटी : कसला शब्द?

दादा : माझ्यामागे यायला गेलीस आणि अंगणात उलटलीस, कपाळ फुटलं, आठवतं? त्या दिवशी आई म्हणाली, यापुढे तिला कुणी आऊट करायचं नाही, तिला हरवायचं नाही. मी हो म्हटलं.

धाकटी : आणि किती दिवस पाळलास तो शब्द?

दादा : चल, घरी जाऊ. उशीर झाला.

धाकटी : किती दिवस, दादा?

दादा : अजून चालूच आहे.

धाकटी : अजून म्हणजे? थांब. कॅरम?

दादा : तू चांगली खेळतेस कॅरम.

धाकटी : कॅरम, दादा?

दादा : राणी मी सोडायचो.

धाकटी : दर वेळी?

दादा : दर वेळी नाही. कधी कधी खरंच जायची नाही.

धाकटी : अरे देवा! अख्ख्या लॅबमध्ये सांगत फिरते मी, आमच्या घरात कॅरमला मला तोड नाही म्हणून! परवा एका डॉक्टरांना आव्हान दिलंय! आणि पत्ते? खरं सांग, पत्ते?

दादा : पत्त्यांत मी ढ आहे. आईशप्पथ. त्यात मी मनापासून हरतो.

रखवालदार : ओ साहेब! ओ ताई! भांडण बागेच्या बाहेर. आणि मघाशी कारंज्याजवळ गाडी कोण पळवत होतं?

धाकटी : मी.

रखवालदार : बागेत वाहन चालवायला मनाई आहे. पाटी वाचली नाही?

धाकटी : मामा, हिला हॉर्न आहे?

रखवालदार : नाही.

धाकटी : पेट्रोल लागतं?

रखवालदार : नाही.

धाकटी : मग वाहन कसलं? खुर्चीवर बसायला मनाई आहे का?

रखवालदार : बसायला नाही... पण खुर्ची पळवायची म्हणजे... पाटीवर तसं काही नाही खरं. बरं, भांडण कशाचं आहे?

धाकटी : हा मला आऊट करत नाही.

रखवालदार : म्हणजे?

धाकटी : पकडापकडीत. राज्य त्याच्यावर आहे, हात पोचतोय, आणि लावत नाही.

रखवालदार : साहेब, हे बरोबर नाही हं. हात पोचला की आऊट. नियम म्हणजे नियम.

दादा : तुम्ही मध्ये पडू नका हो. ती उलटली तर? जबाबदारी कोण घेणार, तुम्ही?

धाकटी : उलटले तर उचल ना मला! त्यासाठी भाऊ लागतो. मी उलटू नये म्हणून जन्मभर हरत बसायला कशाला लागतो?

दादा : मी काय दुष्टपणा केला का तुझ्याशी?

धाकटी : तीच तर पंचाईत आहे. दुष्टपणा केला असतास तर कडकडून भांडले असते. तू मायेने करतोस, म्हणून बोलताही येत नाही. पण वाईट वाटतं रे मला. खूप वाईट वाटतं. एकदा तरी आऊट कर. एकदाच. नीट, मनापासून.

रखवालदार : करा हो साहेब. आमच्या गल्लीत लहानपणी मला कुणी पकडू शकायचं नाही. पण शेवटी एका पोरीने पकडलं.

धाकटी : मग?

रखवालदार : मग काय, आता तिच्याच हातचं जेवतो. चला, हद्द ठरवा. कारंज्यापासून त्या बांबूंपर्यंत. गवतावर जायचं नाही. पायांनी नाही, चाकांनी नाही. नियम सगळ्यांना सारखा.

दादा : तुम्ही पंच आहात की रखवालदार?

रखवालदार : शिट्टी माझ्याकडे आहे ना? झालं तर मग. ताई, हातमोजे घट्ट करा. साहेब, पँट वर घ्या. तयार? फुर्रर्र!

धाकटी : पळाले!

रखवालदार : शाब्बास ताई! काय वळण घेतलंय! साहेब, फेरफटका मारायला आलात का? जोर लावा! ताई बांबूंपाशी पोचल्या!

दादा : पोचू... दे... परतच... यायचंय तिला!

धाकटी : ये ये! बोल कमी, पळ जास्त!

रखवालदार : ओ आजोबा, बाकावरचे पाय आत घ्या, शर्यत चाललीय! साहेब डावीकडून आले. ताईंनी हूल दिली! साहेब उजवीकडे. साहेब, गवत! गवतावर पाय पडला तर खेळ बाद!

दादा : नाही... पडला...

धाकटी : दमला, दमला, शिंपी दमला!

दादा : कोण दमला? थांब तू, कारंज्यापाशीच गाठतो तुला!

रखवालदार : आता खरे पळायला लागले साहेब! अरे बापरे! पोट पुढे, साहेब मागे! चार हात राहिले. दोन हात. ताई, मागे बघू नका!

दादा : आऊट!

रखवालदार : आऊट! फुर्रर्र! साफ आऊट! मी बघितलं, बाकावरच्या आजोबांनी बघितलं!

धाकटी : आई गं!

दादा : अगं... काय झालं? लागलं का? रडतेस?

धाकटी : खांदा झणझणतोय. केवढ्या जोरात मारलंस!

दादा : अगं, चुकून...

धाकटी : चुकून म्हणू नकोस! मुद्दाम म्हण.

दादा : मुद्दाम.

धाकटी : नीट म्हण.

दादा : मुद्दाम मारलं. ठरवून मारलं. तू आऊट आहेस. साफ आऊट. झालं समाधान?

धाकटी : झालं. अरे, हसतेय मी, डोळे आपले आपण गळतायत. दादा, मी आऊट झाले! मामा, मी आऊट झाले!

रखवालदार : अभिनंदन, ताई. आऊट झाल्याबद्दल अभिनंदन मी कुणाचं केलं नव्हतं आजवर.

दादा : हसतीय काय, रडतीय काय. पाणी पी. आणि घरी गेल्यावर आईला सांगू नकोस.

धाकटी : सांगणारच! लहानपणी तुझं नाव सांगायची संधीच दिली नाहीस मला.

(फोन वाजतो.)

दादा : झालं. तिचाच असणार. दे इकडे.

धाकटी : तू पाणी पी, मी बोलते. हां आई. हो, बागेत. नाही, पडले नाही. आई, ऐक ना, दादाने मला आऊट केलं... हो, हात लावून. जोरात. नाही, चुकून नाही, मुद्दाम... त्याला रागावू नकोस गं, मीच सांगितलं होतं. आई? आई, तू हसतेस का रडतेस?... मी पण. बरं, आल्यावर सगळं सांगते... नाही, आत्ता नाही येत. ठेव आता, माझ्यावर राज्य आहे.