ऑलिव्हर क्रेग यांना जमीन का मिळत नाही

नाव: ॲट्रॅक्टा मेरी गेराटी. वय: ६१ वर्षे. धंदा: शेती व मेंढीपालन. राहणार: क्लूनगॅरा, जिल्हा रॉसकॉमन. जबाबाची तारीख: २१ नोव्हेंबर २०२३, वेळ सकाळी दहा.

मी आज स्वतः ठाण्यात हजर राहून, सार्जंट फॅलन यांनी विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी जन्मापासून राहते. घरी मी व माझा थोरला भाऊ मॅलॅकी, वय ७१, असे दोघेच होतो. दोघांचीही लग्नं झालेली नाहीत. आमची चौऱ्याऐंशी एकर जमीन आहे. सध्या भाऊ शुश्रूषागृहात असतो व जमीन मी एकटी बघते.

आमच्या गावच्या बंदूक क्लबचे अध्यक्ष ऑलिव्हर क्रेग, वय ५२, लाकडाच्या वखारीचे मालक, यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. मी त्यांच्याविरुद्ध शेतकऱ्यांना फितवलं, त्यांची बदनामी केली व त्यांच्यावर पाळत ठेवली, असं त्यात म्हटल्याचं मला वाचून दाखवण्यात आलं. वकील पाहिजे का असंही विचारण्यात आलं. मी नको म्हटलं. तक्रारीतल्या तारखा बरोबर आहेत.

आमच्या जमिनीवर फेझंट पक्षी मारायला क्लबची माणसं माझ्या वडिलांच्या वेळेपासून येत. त्याबद्दल आम्ही कधी काही घेतलं नाही. आदल्या दिवशी फोन करायचा, गाडी डांबरी रस्त्यालाच उभी करायची, फाटक जसं असेल तसं मागे ठेवायचं, गव्हात पाय टाकायचा नाही आणि काडतुसांची टरफलं खिशात घालून न्यायची, एवढंच वडिलांचं सांगणं होतं. मेंढ्या गाभण असतील त्या कुरणाच्या आसपास बंदूक उडवायची नाही, हे त्यांना सांगावंही लागत नसे. नाताळात ते पक्ष्यांची एक जोडी दाराला अडकवून जात.

मॅलॅकी स्वतः बंदूक धरत नसे. तो त्यांच्याबरोबर कुत्र्यांचं काम बघायला जाई. शिकार संपली की चार-पाच जण आमच्या स्वयंपाकघरात बसत, मी चहा आणि हॅम घातलेला पाव देई. मॅलॅकी आठवडाभर रविवारची वाट बघत असे. माझा भाऊ मुळात कमी बोलतो, पण त्या दोन तासांत तो बोलायचा.

दिनांक ११ डिसेंबर २०२२, रविवार. आठवडाभर कडक थंडी होती, रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता आणि दुपारनंतर धुकं उतरलं. मी चर्चमधली मिस्सा आटोपून बॉयल गावी मावसबहिणीकडे गेले होते. त्या दिवशी आमच्या जमिनीवर क्रेग व क्लबचे आणखी तिघे आले होते. मॅलॅकीला खोकला होता म्हणून तो त्यांच्याबरोबर गेला नाही. खालच्या कुरणात आमच्या चौतीस गाभण मेंढ्या होत्या. तीन ते साडेतीनच्या दरम्यान त्या कुरणाच्या उघड्या फाटकातून मोठ्या रस्त्यावर गेल्या. मॅलॅकीने घरातून त्यांचा आवाज ऐकला व तो त्यांना वळवायला गेला. अंदाजे तीन चाळीसला दुधाचा टँकर आला. चालकाने ब्रेक मारला, पण बर्फावर गाडी थांबली नाही. नऊ मेंढ्या जागीच मेल्या. मॅलॅकीचं खुब्याचं हाड मोडलं व डोक्याला मार लागला. चालकाचा दोष नाही, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी क्रेग द्राक्षं घेऊन इस्पितळात आला. मी खाटेजवळच होते. तो भावाला म्हणाला, "मॅलॅकी, सकाळी चारा टाकून येताना फाटक लावायचं राहिलं असेल बघ. होतं असं या वयात. मनाला लावून घेऊ नकोस."

मॅलॅकीने त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "असेल."

त्यानंतर डॉक्टर, पाद्री, तपासाला आलेले शिपाई, ज्याने विचारलं त्याला मॅलॅकी हेच सांगत राहिला की फाटक माझ्याकडून राहिलं. फेब्रुवारीत त्याला शुश्रूषागृहात ठेवावं लागलं, कारण आमच्या घराच्या पायऱ्या त्याला चढता येत नाहीत. गावातल्या पबमध्ये 'गेराटीचं फाटक' असा शब्दच पडला. कोणी पँटची चेन लावायला विसरला की म्हणायचे, गेराटीचं फाटक उघडं राहिलं. हा विनोद क्रेगने सुरू केला, असं पब चालवणाऱ्या बाईंनी मला सांगितलं आहे. त्यांचं नाव मी देणार नाही.

त्या महिन्यांत मीही मॅलॅकीला त्या मेंढ्यांवरून दोन-तीनदा बोलले. काय बोलले ते या जबाबात घ्यायची गरज नाही.

दिनांक २० ऑगस्ट २०२३ रोजी मी दलदलीवर पीट, म्हणजे जळणाची वाळलेली ढेकळं, भरायला गेले होते. तिथे कॉलम नॉटन, वय ६८, निवृत्त पोस्टमन, हे आले. ते क्लबचे एकतीस वर्षांचे सभासद आहेत व त्या रविवारी क्रेगबरोबर होते. त्यांनी माझ्याबरोबर अर्धी ट्रॉली भरली. मग ट्रॉलीच्या दांड्यावर बसले आणि म्हणाले, "ॲट्रॅक्टा, ते फाटक मॅलॅकीने नाही उघडं ठेवलं. आम्ही ठेवलं."

मी म्हटलं, "आम्ही म्हणजे कोणी?"

ते म्हणाले, "ऑलिव्हरने. जमीन गोठून दगड झाली होती. तो म्हणाला, चालतंय कोण, जीप आत घेऊ. मी उतरून फाटक उघडलं. लावायला लागलो तर म्हणाला, राहू दे, दहा मिनिटांत इथूनच परत यायचंय. मग वरच्या झाडीत पक्षी उठले आणि आम्ही वरच्या वाटेने बाहेर पडलो. पबमध्ये बसल्यावर मला आठवलं. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स गेली."

"आठ महिने झाले," मी म्हटलं.

"तो म्हणाला, कोणी तोंड उघडायचं नाही. एका फाटकापायी अख्ख्या क्लबची जमीन जाईल. आम्ही तिघांनीही मान डोलावली. मीही डोलावली."

मी नॉटन यांना घरी जायला सांगितलं. उरलेली ट्रॉली मी भरली. त्यांनाही माझ्या जमिनीवर कायमची बंदी आहे, हे मी त्यांना नंतर कळवलं व त्यांनी ते मान्य केलं. त्यांनी या ठाण्यात वेगळा जबाब दिला आहे, असं कळतं.

अख्ख्या क्लबची जमीन जाईल, हे क्रेगचे स्वतःचे शब्द आहेत. मला ते दुसऱ्या कोणी सुचवलेलं नाही.

क्लबला परवानगी देणारे आमच्यासकट सत्तावीस शेतकरी होते. दिनांक ४ सप्टेंबर ते १९ ऑक्टोबर या काळात मी बाकीच्या सव्वीस जणांच्या घरी स्वतः गेले. बरोबर टाईप केलेला कागद होता: 'माझ्या जमिनीवर शिकार करण्याची क्लबला दिलेली परवानगी मी काढून घेत आहे.' खाली सही व तारीख. मी प्रत्येकाला नॉटन यांनी सांगितलं तेवढंच सांगितलं. त्यात तिखटमीठ लावलं नाही. लावायची गरज पडली नाही.

लोकांकडे त्यांचंही साठलेलं होतं. बर्न यांच्या घरी वासराच्या पोटातून काडतुसाचं प्लास्टिक निघालं होतं. हॅनली यांच्या कोवळ्या गव्हातून जीपची चाकं गेली होती आणि विचारायला गेल्यावर क्रेग त्यांना म्हणाला होता की गवत परत उगवतं. गहू आणि गवत यांतला फरक कळत नाही त्याच्या हातात बंदूक कशाला, असं म्हणून हॅनलींनी सही केली. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्या एकट्याच्याच बाबतीत घडलं, शेजारी काय म्हणतील, म्हणून ते गप्प होते.

डरमॉट टाय हे क्रेगचे मेहुणे आहेत. त्यांच्याकडे मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी ते चिडून म्हणाले, "बाई, तुला काय पाहिजे ते तरी सांग. त्याने गाव सोडून जावं का?"

मी म्हटलं, "नाही. त्याने इथंच राहावं. कुंपणाबाहेर."

त्यांच्या बायकोने, म्हणजे क्रेगच्या सख्ख्या बहिणीने, ड्रॉवरमधून पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं. माझी धरून ही सत्ताविसावी सही. सगळे कागद मी क्लबच्या पत्त्यावर व एकेक प्रत या ठाण्यात रजिस्टर पोस्टाने पाठवली. पावत्या सोबत जोडल्या आहेत.

दिनांक १ नोव्हेंबर, बुधवार, हंगामाचा पहिला दिवस. मी सकाळी सात ते दुपारी बारा या वेळात चर्चजवळच्या चौकात घडीची खुर्ची टाकून बसले होते, हे खरं आहे. तो रस्ता सार्वजनिक आहे. मी थर्मास नेला होता. अकरा गाड्या आल्या. प्रत्येक गाडी टायच्या फाटकापर्यंत गेली, तिथे लावलेली शिकारबंदीची पाटी वाचली, पुढे हॅनलींच्या फाटकापर्यंत गेली, तिथली पाटी वाचली, आणि वळून माझ्यासमोरून परत गेली. कुत्री मागच्या काचेतून भुंकत होती. क्रेगची जीप तीनदा गेली. तिसऱ्या वेळी त्याने काच खाली करून मला विचारलं की झालं का समाधान. मी थर्मासचं झाकण उघडलं. माझ्याकडे अजून चहा होता.

मी पाळत ठेवली असं म्हटलं आहे. मी बघत होते.

दिनांक ९ नोव्हेंबर रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास क्रेग माझ्या घरी आला. बाहेर उभा राहून बोलला, मी आत घेतलं नाही. त्याने सांगितलं की बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण आलं आहे, कुठल्या जमिनीवर शिकार करणार ते अर्जात जमीनमालकाच्या सहीनिशी लिहावं लागतं आणि लिहायला एक एकर उरलेला नाही. क्लबची माणसं त्याच्याशी बोलत नाहीत. वखारीत गिऱ्हाईक येत नाही. तुम्ही परवानगी दिलीत तर बाकीचेही देतील, असं तो म्हणाला.

मी म्हटलं, "मॅलॅकीकडे जा. फाटक कोणी उघडं ठेवलं ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांग. तिथल्या दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर."

"मग तुम्ही सही कराल?"

"आधी जा," मी म्हटलं.

मी सही करीन असं वचन दिलं होतं का, हे सार्जंट फॅलन यांनी मला दोनदा विचारलं. मी वचन दिलं नव्हतं. त्याला तसं वाटावं, अशी माझी इच्छा होती.

दिनांक १२ नोव्हेंबर, रविवार, दुपारी तीन वाजता क्रेग शुश्रूषागृहात आला. मी आधीच तिथे होते. दिवाणखान्यात चौदा वृद्ध व दोन परिचारिका होत्या. मी टीव्ही बंद करायला सांगितलं. क्रेग टोपी हातात घेऊन मॅलॅकीच्या खुर्चीसमोर उभा राहिला. म्हणाला, "मॅलॅकी, ते फाटक मी उघडं ठेवलं होतं. तू नाही."

मॅलॅकी म्हणाला, "मला माहीत आहे, ऑलिव्हर. मेंढ्यांकडे धावताना तुझ्या जीपच्या चाकांचे माग बघितले मी फाटकातल्या बर्फावर."

 मी विचारलं, "मग तू बोलला का नाहीस?"

मॅलॅकी माझ्याकडे न बघता त्यालाच म्हणाला, "बोललो असतो तर ॲटीने तुम्हाला पुन्हा पाय ठेवू दिला नसता. म्हटलं, मी बरा झालो की रविवारी याल. नाहीतर इथे तरी याल. अकरा महिने झाले. तुमच्यातलं एक माणूस आलं नाही."

मग त्याने क्रेगच्या कुत्रीचं विचारलं. ती उन्हाळ्यात मेली, असं क्रेगने सांगितलं. मॅलॅकी म्हणाला की फार चांगल्या नाकाची होती. नंतर माझा हात धरून म्हणाला, "ॲटी, दे त्याला सही करून. त्याला कुठंतरी जायला हवं."

क्रेगने अर्ज खिशातून काढला. तो घडी घालून, पेन अडकवून आणला होता. मी तो वाचला, घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिला. "मॅलॅकीने माफ केलं," मी म्हटलं. "त्याच्याकडे द्यायला तेवढंच आहे. जमीन मी बघते."

दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, क्रेगने तक्रार दिली.

भावाचं मी ऐकलं नाही. त्याने ते माझ्याकडे अजून दोनदा मागितलं आहे व मी दोनदा नाही म्हटलं आहे. दर रविवारी दोन ते पाच मी त्याच्याजवळ बसते. आम्ही फारसं बोलत नाही. क्रेगला पुढच्या वर्षी जमीन मिळू नये म्हणून त्या सव्वीस घरी पुन्हा जावं लागलं तर मी जाईन. याला फितवणं म्हणत असतील तर मी फितवलं.

वरील मजकूर सार्जंट फॅलन यांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी त्यांनी 'फाटक चुकून उघडं राहिलं' असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं व 'उघडं ठेवलं' असं करून घेतलं. खोडल्या जागी माझी आद्याक्षरं आहेत. आता मजकूर मी सांगितला तसा आहे.

सही: ॲट्रॅक्टा मेरी गेराटी