भावजींचा उजवा हात

—कुलूप आहे हो त्यांच्या दाराला, कितीही बेल दाबलीत तरी कुलूप काही उघडायला यायचं नाही. इकडे या, माझ्याकडे बसा. अपघाताच्या केससाठीच आलात ना? बघा, बॅग बघूनच ओळखलं मी. वहिनी लाँड्रीत कामाला जातात, त्या संध्याकाळीच येतील, आणि भावजी गेलेत दवाखान्यात, खांद्याच्या व्यायामाला—येतील इतक्यात. व्यायाम झाला की थेट माझ्याकडेच येतात, वहिनी येईपर्यंत इथेच असतात, घरी एकट्यानं बसवत नाही त्यांना. कुणाला बसवतं? वकीलबाईंनी सांगून ठेवलंच होतं वहिनींना, कुणीतरी चौकशीला येईल म्हणून. बरं झालं मी भेटले. या मजल्यावर दारं दोनच, एक त्यांचं, एक माझं—मग त्यांच्याबद्दल मला नाही विचारायचं तर कुणाला विचारायचं?

नाही, अपघात मी डोळ्यांनी नाही पाहिला, खोटं कशाला बोलू? पण ऐकलाय इतक्यांदा की पाहिल्यासारखाच. भावजी पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्या दिवशी औषधाच्या दुकानाची पाटी चालली होती, हे शिडीवर, आणि गाडीवाला फोन कानाला लावून मागे न बघता गाडी मागे घेतोय—शिडी गेली, हे उजव्या खांद्यावर आले खाली. आता म्हणतो, शिडी रस्त्यात होती. अहो, फुटपाथवरच्या दुकानाची पाटी काय रस्त्याच्या मधोमध शिडी लावून रंगवतात? मग त्याच्या विमा कंपनीचं सुरू झालं—दवाखान्याचं बिल घ्या आणि सही करून मोकळे व्हा. वहिनी करणार होत्या सही, पेन हातात घेतलं होतं. मीच म्हटलं, थांबा, जरा विचारून तरी घेऊ कुणाला. मीच घेऊन गेले त्यांना वकीलबाईंकडे. त्या म्हणाल्या, बिल म्हणजे झाल्या गेल्याचं, पण ज्या हातावर घर चालायचं तो हात गेला तर पुढच्या सगळ्या वर्षांचं काय? ती भरपाई म्हणजे मेहेरबानी नाही, हक्क आहे. आम्हाला कुठे ठाऊक होतं! येताना जिन्यात वहिनी नुसतं ‘हक्क, हक्क’ म्हणत होत्या, नवीन चप्पल घालून बघावी तसं.

काय? हात आता कसा आहे? अहो छान आहे! काय सांगू तुम्हाला, माणूस इतका कामसू, घरी बसणं ठाऊकच नाही. कधी कण्हणं नाही की कुंथणं नाही. व्यसन नाही, मोठ्यानं बोलणं नाही, संसार कसा नीटनेटका. आणि हात म्हणाल तर—अहो, बाहेर जाऊन बघा ना, माझ्या दाराच्या वर! ती फळी. ‘कृपया बेल वाजवून थांबावे. घरात माणूस आहे.’ भावजींनीच रंगवली, गेल्याच महिन्यात. माझे गुडघे हे असे, उठून दारापर्यंत जाईतो लोक निघून जातात, म्हणून. हो, अपघातानंतरच की. कशी रंगवली म्हणजे? स्टुलावर चढून, हात वर करून—पाट्या रंगवण्यात जन्म गेला त्यांचा, त्यात काय! सगळ्या बिल्डिंगला कौतुक. काढा ना, फोटो काढा, खुशाल काढा. दिवा लावू? थांबा, लावते. हं, आता स्वच्छ येईल.

सारखं काय लिहिताय एवढं? ‘खांद्याच्या वर हात नेता येतो’—हो, म्हणजे तसं... एक मिनिट. वकीलबाईंनीच पाठवलंय ना तुम्हाला? नाही? मग कुणी? ... विमा कंपनी. गाडीवाल्याच्या विमा कंपनीचे. अहो मग आधी का नाही सांगितलंत? हो, तुम्ही ‘केसच्या कामासाठी’ म्हणालात, खरंय, तुम्ही नाही फसवलंत, मीच पुढचं सगळं मनानं जोडलं. दिवसभर कुणी बोलायला नसलं की असंच होतं, समोरच्याचं वाक्यसुद्धा आपणच पुरं करतो. आणि जन्मभराची सवय हो—शेजाऱ्याची चौकशी करायला कुणी आलं, लग्नासाठी असो, भाड्याच्या घरासाठी असो, की चांगलंच सांगायचं. माणूस धडधाकट, कामसू, कसली कटकट नाही. खालच्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न माझ्या शब्दावर जमलंय, साहेब! पण इथे धडधाकट म्हटलं की भरपाई सगळी बुडाली, इथे चांगलं सांगणं म्हणजे... बाई गं. पुढच्या आठवड्यात तारीख आहे त्यांची. खोडा ते. खोडा म्हणते ना.

बरं, नाही खोडता येत तर पुढे लिहा. लिहा, मी खोटं बोलले. स्टूल नाही, काही नाही. ती फळी माझ्या जेवायच्या टेबलावर आडवी ठेवली होती, वर्तमानपत्र पसरून. डाव्या हातानं रंगवली त्यांनी, डाव्या. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो, झोपलेल्या मुलासारखा—चमचा धरायचा तरी दुसऱ्या हातानं उचलून टेबलावर आणतात. जवळ जाऊन बघा ना, अहो, मघाशी दुरून फोटो काढलेत, आता जवळून काढा. प्रत्येक अक्षर उजवीकडे फरपटलंय ना? डावा हात ओल्या रंगावरून घासत जायचा. ‘माणूस’मधला ‘स’ बघा, पाय घसरल्यासारखा आहे. ज्यांच्या अक्षरांवर दुकानदार भांडायचे, आधी माझी पाटी, आधी माझी, त्या माणसाचा ‘स’ आहे हा. झाल्यावर बराच वेळ बघत बसले. मग मला म्हणाले, ‘वहिनी, एक करा. उद्या सुताराकडून ही ठोकून घ्या आणि कुणी विचारलं तर म्हणा, वर चढून केली.’ मी म्हटलं, म्हणेन. आणि म्हटलंही, सगळ्यांना. खालच्या सुताराला विचारा, फळी त्यानंच ठोकलीय, पण त्यालाही मी बोलू नको म्हणून बजावलंय.

मला गरज होती का पाटीची? ... तुम्ही फार विचारता बुवा. नव्हती. गुडघे दुखतात ते खरं, पण कोण येतं हो माझ्याकडे बेल वाजवायला? आमचे हे गेल्यापासून दूधवाला येतो, तो पिशवी अडकवून जातो. मुलगा लांब असतो, फोन करतो, ‘आई, बरी आहेस ना?’ म्हणून विचारतो आणि मी बरी म्हटलं की ठेवतो—बरी नाही म्हटलं तर काय बोलायचं ते त्याला सुचत नाही बिचाऱ्याला. मी पाटीचं काम काढलं ते भावजींना खुर्चीतून उठवायला. असं मी वहिनींना सांगितलं. खरं म्हणजे ते फळीचं काम चाललं तेवढे दिवस या टेबलाशी कुणीतरी होतं. रंगाचा वास होता घरात. काम संपलं तरी ते येत राहिले, मी बोलते, ते ऐकतात, मधेच ‘हं’ म्हणतात. एवढंच. हे नका लिहू. हे केसमधलं नाही.

वाचा बघू काय लिहिलंत ते. ... ‘सदर पाटी डाव्या हाताने, टेबलावर ठेवून, अत्यंत अडचणीने’—अत्यंत अडचणीने नाही, रडत. रडत लिहा. एकदा भावजी रडले होते, मी ओट्याकडे तोंड करून भांडी वाजवत बसले. लिहा ते. अक्षर बिघडलंय असंही लिहा, शेजारणीच्या मते अक्षर बिघडलंय. सही इथे?

आणि हे भावजींना दाखवणार? ... त्यांच्या वकिलांना द्यावंच लागतं. म्हणजे कोर्टात वाचतील, ते समोर बसलेले असताना, माझ्या नावानिशी. मी खोटं कौतुक करत होते, बिल्डिंगला खोटं सांगत होते, आणि मनातून मला त्यांचं अक्षर... हो हो, कळतंय मला, हक्क बुडू नये म्हणूनच. मी काय तुम्हाला थांबवतेय? पेन द्या इकडे. उजवा हात गेला ते ते सोसतील हो, पण हे ऐकल्यावर माझ्या घरात पाऊल टाकतील का? नाही टाकणार. ओळखते मी त्यांना. नजर खाली घालून कुलूप काढतील आणि आत जातील. द्या म्हणते ना पेन.

घ्या. झाली सही. आता उठा तुम्ही. बसा नाही, उठा—खालचं लोखंडी दार वाजलं, ऐकलंत? तेच आहेत, एका हातानं ढकलतात म्हणून दोनदा वाजतं. ती बॅग बंद करा आधी. जिन्यात समोर आले तर नुसते बाजूला व्हा, नाव सांगू नका, कुठून आलात सांगू नका. वकिलांना द्यायचं ते उद्या द्या. आज त्यांना येऊ द्या.