आमच्या ह्यांच्या कंबरेची सहल

...आणि हे सगळं कशामुळे, तर कचऱ्यामुळे. तुम्हाला सांगते, माणूस आठवडाभर फिरायला निघतो, क्योतोची देवळं बघायची, कानाझावाच्या बाजारात खेकडा खायचा, आणि आडवं काय येतं? कोपऱ्यावरचा कचरा.

आमचं त्सुरुओका काही मोठं शहर नाही आणि आमची गल्ली तर बावीस घरांची. ह्या टोकाला कोणी शिंकलं की त्या टोकाला काढा उकळायला ठेवतात. अशा गल्लीतून आम्हाला गुपचूप जायचं होतं. गुपचूप का? तर आमच्या ह्यांची अट. मागे आम्ही दोन दिवस सेन्दाईला गेलो होतो, तेव्हा शेजारच्या होन्माबाईंनी आधीच गल्लीभर सांगितलं, आणि मग काय, घरटी मिठाईचा एकेक खोका आणणं आलं. आमच्याकडे गावाहून रिकाम्या हातांनी येण्यापेक्षा न आलेलं बरं. दोन्ही दिवस आम्ही मिठाईची दुकानं बघितली. समुद्र बघितला तो गाडीच्या खिडकीतून, खोक्यांच्या फटीतून. तेव्हापासून हे म्हणायचे, "सहल नको आणि ती हमालीही नको." भाताच्या गोदामातून निवृत्त झाले तेव्हा कुठे जरा विरघळले. म्हणाले, "जाऊ. पण गल्लीत एकाला जरी कळलं, तर बेत रद्द."

म्हणून ठरलं. कोणीही विचारलं तर एकच वाक्य... आम्ही कुठेही जात नाही.

मग काय विचारता, संध्याकाळी पडदे ओढून आम्ही नकाशा पसरून बसायचो, चोरांसारखे. ह्यांच्या हातात पेन्सिल, म्हणजे गोदामातला हिशोबच. "क्योतोत तीन देवळं पुरे, चौथं तसंच दिसतं." बरं. "ओसाकात दोनदा जेवू." आता ओसाकात जाऊन दोनदाच जेवायचं तर घरी काय वाईट होतं? पण असो. माझी मागणी एकच होती, हिरोशिमा. तिथे म्हणे तव्यालाच लागून बसायला जागा असते, कोबी, नूडल्स, अंडं असं थरावर थर रचून ओकोनोमियाकी आपल्या नाकासमोर करतात. तुम्हीच सांगा, लग्न झाल्यापासून मी तव्याशी उभी आणि बाकीचे बसलेले. एकदा, फक्त एकदा मी बसणार आणि दुसरं कोणीतरी उलथणार! एवढंच.

हे म्हणाले, "हिरोशिमा लांब पडतं."

मी उठले. आत गेले आणि कोबी चिरायला लागले. जरा जोरात चिरला असेल. बाहेरून आवाज आला, "बसवतो गं, बसवतो हिरोशिमा."

खोल्या ठरल्या, तिकिटं आली आणि दुसऱ्याच दिवशी इगाराशीकाकांनी, म्हणजे आमच्या गल्लीच्या अध्यक्षांनी, कचऱ्याच्या पाळ्या जाहीर केल्या. ज्याची पाळी त्याने रोज पहाटे कोपऱ्यावर जाऊन कावळ्यांनी उकरू नये म्हणून कचऱ्यावर जाळी टाकायची, बाटल्यांत डबे मिसळलेत का बघायचं, गाडी येऊन गेली की झाडून घ्यायचं. आणि आमची पाळी कधी? बरोबर. त्याच आठवड्यात.

गेले होन्माबाईंकडे, पाळी बदलून मागायला.

"कुठे जाताय वाटतं, वहिनी?"

"छे, आम्ही कुठेही जात नाही."

"मग पाळी कशाला बदलताय?"

आता काय सांगू? तोंडातून निघून गेलं, "ह्यांची कंबर धरलीये."

"पण कंबर त्यांची ना? झाडणार तर तुम्ही."

बघा, ह्या बाईंना गल्लीचं अध्यक्ष करायला हवं होतं. म्हटलं, "उठवावं-बसवावं लागतं हो त्यांना." आणि घरी येते तर हे पर्सिमनच्या झाडावर, कात्री घेऊन फांद्या छाटतायत, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांसमोर.

"उतरा खाली. तुमची कंबर धरलीये."

"कधी?"

"आत्ताच."

संध्याकाळी होन्माबाई शिजवलेला मुळा घेऊन हजर, मागोमाग औषधी पट्ट्या घेऊन इगाराशीकाका. हे पांघरुणात कण्हतायत, उशीखाली गाड्यांचं वेळापत्रक, हलले की ते करकरतं, आणि काका म्हणतात, "अरेरे, हाडं वाजतायत." मग घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, गल्लीने ठरवलंय. पाळीचं होन्माबाई बघतील. आणि तो आठवडाभर रोज एकेक घर तुम्हाला डबा आणून देईल. तुम्ही नुसतं दार उघडायचं."

नुसतं दार उघडायचं. आणि उघडणार कोण?

पांघरुणातून ह्यांनी माझ्याकडे एकच डोळा काढला. त्या डोळ्यात लिहिलं होतं, रद्द. माझ्या डोळ्यांसमोर तो हिरोशिमाचा तवा गार व्हायला लागला हो... आणि मी ऐकलं तर मीच बोलत होते, "काका, डबे नकोत. ह्यांना निईगाताच्या इस्पितळात ठेवून घेणार आहेत. आठवडाभर."

"कंबरेसाठी?"

"कंबरेसाठी."

निघायच्या दिवशी अख्खी गल्ली स्टेशनावर. हे काठी टेकत, वाकून. गल्ली वाकून नमस्कार करतेय, हे तर आधीच वाकलेले. गाडी सुटली तरी हे तसेच. म्हटलं, "आता व्हा सरळ." म्हणाले, "खरंच धरली." आणि आजाऱ्याला भेट म्हणून कोणी सफरचंदं दिलेली, कोणी पेअर, होन्माबाईंनी तर कलिंगडाएवढं खरबूज. कानाझावात आम्ही खेकडा खायला बसलो ते खरबुजाला वेगळी खुर्ची घेऊन. वाढपी विचारतो, "अजून कोणी येणार आहे का?"

क्योतोत तर कहर. तिसऱ्या देवळाच्या पायऱ्यांवर हे एकदम थांबले, चेहरा पांढरा. मला वाटलं, पुन्हा कंबर.

"अगं, आजाऱ्याला भेट मिळाली की बरं झाल्यावर परतभेट द्यावी लागते ना?"

"लागते."

"किती घरांना?"

"आपलं सोडून एकवीस."

ह्यांनी त्या पायरीवरच बसून पेन्सिलीने हिशोब केला. मग ओसाकाला गेलो आणि चारदा जेवलो. ह्यांनीच मागवलं.

आणि हिरोशिमा... बसले बरं का मी. तव्याला लागून. एका मुलीने ते एवढं थोरलं एका झटक्यात उलथलं, वर सॉस फिरवला, माझ्यासमोर सरकवलं आणि विचारलं, "काकू, कापून देऊ?" मला आजवर कोणी कापून दिलेलं नाही. मी हो म्हटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. धूर होता, दुसरं काय.

परत आलो. गल्लीत परतभेट वाटायची म्हणून साबणांचे खोके घेतले, इथल्याच दुकानातून, कारण हिरोशिमाची मिठाई कुठल्या इस्पितळात मिळते? पण ह्यांचे गाल बघा! सदऱ्याची बटणं लागेनात. इगाराशीकाका टक लावून बघत होते. "तिथे खायला काय देतात हो?"

"पथ्याचं," मी म्हटलं.

होन्माबाईंनी साबण घेतला, हुंगला, मग ह्यांच्या कॉलरकडे बघितलं. तिथे सॉसचा हा एवढा डाग.

"वहिनी..."

"आम्ही कुठेही..."

"गेला नव्हतात. कळलं." आणि माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "पुढच्या वेळी मलाही आजारी पाडा."

आता झालंय असं की पुन्हा पडदे ओढलेत, नकाशा पसरलाय, होन्माबाईंचा गुडघा कुठल्या शहरात दुखवायचा ते ठरतंय, त्यांना नागासाकीच्या नूडल्स हव्यात, हे पेन्सिल घेऊन बसलेत, आणि काल दार वाजलं. इगाराशीकाका. गालावर हात.

"वहिनी, माझी दाढ ठणकतेय. आठवडाभर तरी ठणकेल असं वाटतं."

मी म्हटलं, "काका, आम्ही खरंच कुठेही जात नाही."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले आणि चपला काढून आत आले. "मलाही तिथेच न्या."