फुटपाथवर ठेवलेल्या खुर्चीबाबत

नाव : हेनिंग ब्रोडरसन. वय : ४६ वर्षे. धंदा : नोकरी, पाणीपुरवठा प्रयोगशाळा. राहणार : कालपर्यंत हुसुम, यापुढे फ्रायबुर्गजवळ श्टाउफेन येथे, सासूबाई रोस्विता फालर यांच्या घरी. कासेल शहरात मुक्काम एका रात्रीचा.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझी पत्नी वेरेना मार्च महिन्यात वारली. त्यानंतर मी व माझी मुलगी लेवके, वय १२, यांनी श्टाउफेनला राहायला जायचे ठरले. सासूबाई आम्हाला न्यायला आल्या होत्या. काल सकाळी भाड्याच्या टेम्पोत सामान भरून आम्ही तिघे निघालो. सासूबाईंचे कमरेचे दुखणे असल्याने एका दिवसात एवढा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून कासेलमध्ये एका लहान लॉजमध्ये खोली घेतली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा उजेड होता.

सासूबाईंचा चाकांचा वॉकर टेम्पोत एका खुर्चीच्या मागे गेला होता. सामान मीच भरले होते. वॉकर काढण्यासाठी मी ती खुर्ची आधी खाली उतरवली व फुटपाथवर ठेवली. तेव्हा तळमजल्याच्या खिडकीतून एक बाई बोलल्या. त्यांचे नाव श्रीमती आलबोर्न असल्याचे मला नंतर कळले. त्या म्हणाल्या, "अहो, मधोमध काय ठेवताय? लोकांनी चालायचं कुठून?" मी माफी मागितली व खुर्ची भिंतीकडे सरकवली. तिथे दोन गाद्या व एक मोडके कपाट होते. सकाळी पालिकेची गाडी अडगळ न्यायला येणार असल्याने गल्लीत जागोजागी असे ढीग होते. ते मी पाहिले होते. माझ्या डोक्यात काही आले नाही.

खोली दुसऱ्या मजल्यावर निघाली. सासूबाई जिन्यात म्हणाल्या, "कमर धरलेली बाई बरोबर आहे आणि लिफ्ट नाही. छान शोधलंस, हेनिंग. गच्चीवर नव्हती का जागा?" त्यांना वर पोहोचवून मी खाली आलो. खुर्ची जागेवर नव्हती.

श्रीमती आलबोर्न अजून खिडकीतच होत्या. त्यांनी सांगितले, "दोन कॉलेजची पोरं होती, सामान वाहायची सायकल घेऊन. चांगली होती हो, आधी विचारलं, ही घेऊ का म्हणून. मी म्हटलं, घ्या, तिथलं सगळं जाणारच आहे. तुम्हीच तर तिथे ठेवलीत."

मी हो म्हणालो.

"आणि कापड तर पार गेलेलं होतं. कशाला जिवाला लावून घेता?"

मी त्यांचे आभार मानले.

खुर्चीचे वर्णन विचारल्यावरून सांगतो की, ती हिरवी, मखमली कापडाची, पाठ मागे कलणारी आहे. डाव्या हातावर औषधाचा डाग आहे. बैठक मधे दबलेली आहे. फोटो मागण्यात आला. खुर्ची रिकामी असतानाचा फोटो माझ्याकडे नाही.

किंमत मला सांगता येत नाही. पत्नी शेवटचे महिने त्या खुर्चीत असे. ती गेल्यापासून लेवके पलंगावर झोपत नाही, खुर्चीतच झोपते. पलंगावर घातले तर जागी राहते. डॉक्टरांनी जबरदस्ती करू नका असे सांगितले आहे. सासूबाईंना हे पसंत नव्हते. "श्टाउफेनला खोली आहे, पलंग आहे, ते धूड तिथे येणार नाही," असे त्या हुसुमपासून म्हणत होत्या. तरी खुर्ची टेम्पोत घेतली.

मी वर जाऊन सांगितले. लेवके बूट घालून खाली गेली. मी तिच्या मागे गेलो. आम्ही आसपासची प्रत्येक गल्ली पाहिली. ढिगांपाशी लोक होते, दिवे व फळ्या उचलत होते. ती प्रत्येकाला विचारत होती. सायकल दिसली की पळत होती. मी म्हणालो, "लेवके, आता जेवू या." ती म्हणाली, "पापा, तू जेव." अंधार पडल्यावर आम्ही परत आलो. सासूबाई म्हणाल्या, "गेली तर गेली. खुर्ची होती, माणूस नव्हतं." त्यावर लेवके रात्रभर खिडकीशी उभी राहिली. मी तिच्याजवळ बसून होतो. कधीतरी माझा डोळा लागला असावा.

पहाटे जाग आली तेव्हा सासूबाई खोलीत नव्हत्या. मी खाली गेलो. त्या झोपायच्या गाऊनवर वॉकर घेऊन गल्लीच्या टोकाला होत्या. हवा खायला आले, असे त्यांनी सांगितले. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

नंतर पालिकेची गाडी आली. लेवके गाडीसमोर जाऊन उभी राहिली. प्रत्येक ढीग खालपर्यंत पाहिल्याशिवाय उचलू देणार नाही असे ती म्हणाली. कामगारांपैकी एक जण म्हणाला, "पोरी, अजून सगळं शहर पडलंय. खुर्ची हवी असेल तर मागे तीन आहेत, एक निवड." दुसऱ्याने त्याला गप्प केले व दोघांनी गाद्या हलवून दाखवल्या. मागे वाहने अडकली. कोणीतरी पोलिसांना बोलावले. वाहतूक अडवल्याबद्दल काही दंड असेल तर तो माझ्या नावावर घ्यावा. मुलीला मी बाजूला केले नाही.

येथे चौकीत अधिकारी श्रीमती ड्योरिंग यांनी समजावले की, ढिगाशेजारी ठेवलेली वस्तू विचारून नेणे ही चोरी ठरेलच असे नाही. मला ते मान्य आहे. मला कोणाला शिक्षा नको. त्या मुलांनी खुर्ची ठेवून घेतली असेल व कोणी बसत असेल तर ठीक आहे. नको झाली तर टाकू नये, मला कळवावे. मी येऊन नेईन.

आणखी काही सांगायचे आहे का असे विचारण्यात आले. लेवके बाहेरच्या बाकावर आहे. सासूबाईंच्या मांडीवर डोके ठेवून ती झोपली आहे. दार उघडे असल्याने मला दिसते. सासूबाईंचा पाय आखडला असावा, पण त्या हललेल्या नाहीत. मघाशी मी उठू लागलो तेव्हा त्यांनी हातानेच बस म्हणून सांगितले. आम्हाला संध्याकाळपर्यंत श्टाउफेनला पोहोचायचे होते. आता तशी घाई नाही.

वरील जबाब मला हळू आवाजात वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. माझ्या विनंतीवरून तो पहिल्यापासून पुन्हा वाचण्यात आला.

हेनिंग ब्रोडरसन